‘असेच दुसरे काय आहे?’

(छत्रपती संभाजीनगर येथे, ग्रंथालये चालविणाऱ्या पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलापाशी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला जात आला आहे. वाचक वाचून झालेले पुस्तक परत करतो, त्याच्या नावापुढे जमेची नोंद होते, आणि क्षणभर घुटमळून तो विचारतो : ‘असेच दुसरे काय आहे?’ बहुधा ते परत आलेले पुस्तक रहस्यकथेचे असते. पानांचे कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली, आणि कोणा आधीच्या उपद्व्यापी वाचकाने पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवलेले.

या प्रश्नाला पक्षाच्या कार्यकर्त्याने आजवर काय उत्तर दिले? तो म्हणतो, ‘असले किती दिवस वाचणार? आता काही गंभीर वाचा,’ आणि गॉर्कीची ‘आई’ पुढे करतो. ‘आई’ थोर कादंबरी आहे, याविषयी वाद नाही. वाचक संकोचाने ती घेतो, महिनाभर घरी ठेवतो, विलंबशुल्क भरून न वाचता परत करतो आणि पुन्हा त्या दारात येत नाही. यात पुस्तकाचा दोष नाही, वाचकाचाही नाही. विचारला होता एक प्रश्न आणि उत्तर दिले गेले भलत्याच प्रश्नाला. पक्ष-कार्यालयांतील कपाटांत मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाचे जाड खंड अजूनही कोरे करकरीत दिसतात. हा त्यांच्या बांधणीचा गुण असेल. वापराचा पुरावा खासच नव्हे.

वाळूजला दुसरी पाळी संपवून रात्री खोलीवर परतणाऱ्या तरुणाच्या हातात आज मोबाइल आहे. मिनिटभराच्या चित्रफितींच्या पाठोपाठ चित्रफिती पाहण्यात त्याचा तास जातो. अशा तरुणाने दोनशे पानांचे पुस्तक हाती धरले, शेवटाची उत्कंठा मनात ठेवून ते दोन-तीन रात्री पुरवून वाचले आणि पुन्हा दुसरे मागावयास आला, तर ती साधी गोष्ट नव्हे. त्याला त्या क्षणी जे उत्तर मिळेल त्यावर तो वाचक म्हणून टिकणार की नाही हे ठरते. म्हणूनच रहस्यकथा कोणती सुचवावी हा प्रश्न किरकोळ मानून चालणार नाही.

मराठवाड्यात तरी वाचनालय आणि चळवळ यांची फारकत कधीच नव्हती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात 1929 साली निघालेल्या ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने जाहीर सभांवर पूर्वपरवानगीचे जोखड लादले. उघड राजकारणाला जागा उरली नाही, तेव्हा शाळा, गणेशोत्सव आणि वाचनालय यांच्या आडोशाने माणसे एकत्र येऊ लागली. लोकमान्यांचे नाव धारण करणारे औरंगाबादचे बलवंत वाचनालय हे त्या काळातले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला आणि ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन त्यांना अनुदान मिळू लागले. अनुदानाबरोबर नोंदवह्या आल्या, तपासणी आली, आणि तपासणीस आलेल्या साहेबास दाखविण्यासाठी कपाटाच्या दर्शनी फळीवर ‘चांगली’ पुस्तके आली. रहस्यकथा मागच्या फळीवर गेल्या. लोक मात्र त्या मागच्या फळीशी येऊन उभे राहात.

त्या फळीवर कोण होते? बाबूराव अर्नाळकर होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक 1996 साली निवर्तला; परंतु झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्याची पात्रे मुंबईच्या गिरणगावातील चाळीपासून खेड्यातील पारापर्यंत घरोघरी ठाऊक होती. पुढे मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही रहस्यकथा हजाराच्या पुढे गेल्या. 2021 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या ‘कॅप्टन दीप’ची आठवण काढणारी माणसे साठी-सत्तरीची झालेली होती. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी होते, नारायण धारपांच्या भयकथा होत्या, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. मराठी वाचनाची गोडी आपल्याला अर्नाळकरांनी लावली, अशी कबुली पुढे नामवंत झालेल्या कितीतरी लेखकांनी दिली आहे. समीक्षेने मात्र त्यांना ‘लोकप्रिय’ या एका शब्दात गुंडाळून दाराबाहेर ठेवले. समाजवादी विचारवंतांनी याबाबतीत विद्यापीठीय समीक्षकांचीच री ओढली. जनतेच्या नावाने बोलणाऱ्यांनी जनतेच्या आवडीविषयी इतके बेफिकीर राहावे, हे एक कोडेच आहे.

वस्तुतः या वाङ्मयाच्या कुळाचा शोध घेतला तर समाजवाद्यांना संकोच वाटण्याचे कारणच राहात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेला हिंदी वाचक ज्या कादंबरीकारावर तुटून पडत असे तो डिकन्स नव्हे, तो जॉर्ज रेनॉल्ड्स. हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ या 1885 सालच्या पहिल्या कादंबरीमागे रेनॉल्ड्सची प्रेरणा आहे. गो. ना. दातारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीही त्याचाच आधार घेतला. हा रेनॉल्ड्स होता कोण? 1844 पासून लंडनच्या रस्त्यांवर दर आठवड्यास एका पेनीला विकल्या जाणाऱ्या ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ या कादंबरीचा तो कर्ता; आणि चार वर्षांनी, मार्च 1848 मध्ये, ट्रफाल्गर चौकातील सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारून कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत उडी घेणारा पुढारीही तोच. 1850 साली त्याने काढलेले साप्ताहिक पुढे शंभराहून अधिक वर्षे कष्टकऱ्यांचे पत्र म्हणून चालले. मराठी रहस्यकथेच्या पणजोबांपैकी एक जण असा कामगारसभेच्या व्यासपीठावर बसलेला आढळतो. त्याच्या भाषांतरकारांनी तळघरे, भुयारे आणि बुरखाधारी पुरुष तेवढे उचलले. दारिद्र्याविषयीचा त्याचा संताप जहाजावरच राहिला.

अर्थात रेनॉल्ड्सचेही एक मूळ होते. पॅरिसमध्ये 1842-43 साली एजीन स्यू याची ‘मिस्टरीज ऑफ पॅरिस’ ही कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः निघाली आणि साऱ्या युरोपात तिने धुमाकूळ घातला. ऐन सत्ताविशीच्या आत-बाहेर असलेल्या कार्ल मार्क्सने या कादंबरीकडे नाक मुरडून पाठ फिरविली नाही. 1845 साली एंगल्सबरोबर प्रसिद्ध केलेल्या ‘पवित्र कुटुंब’ या ग्रंथात तिच्यावर त्याने पानेच्या पाने खर्ची घातली. कादंबरीचा नायक वेषांतर करून गरिबांच्या वस्तीत फिरणारा एक राजपुत्र आहे. तो एकेका पापी जिवाला हाती धरून त्याचा उद्धार करतो, आणि एका अट्टल गुन्हेगाराचे तर सुधारण्याच्या नावाखाली डोळेच काढवितो. मार्क्सचा रोख या उद्धारावर आहे. माणसाला बदलावयाचे म्हणजे त्याची शक्ती हिरावून त्याला पश्चात्तापाचे धडे द्यावयाचे, ही राजपुत्राची कल्पना त्याने निर्दयपणे उघडी केली. येथे मार्क्सचे मत सर्वस्वी मान्य करण्याचा प्रश्न नाही. त्याने ती कादंबरी मन लावून वाचली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कार्यकर्ते न वाचताच नापसंती कळवितात.

अंतोनिओ ग्राम्शीने फासिस्टांच्या तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत गुप्तहेरकथांवर टिपणे आहेत. इटालियन जनता आपल्या लेखकांना सोडून परक्यांच्या क्रमशः कादंबऱ्या का वाचते, हा प्रश्न त्याला छळत होता. लेखकवर्ग जनतेपासून तुटला आहे, हे त्याचे उत्तर. बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ अर्नेस्ट मँडेल यांनी तर 1984 साली गुन्हेकथेचा सामाजिक इतिहास लिहिला आणि या कथा वाचावयास आवडतात, हे न लपवता लिहिला.

मग रहस्यकथा कोणतीही असो, ती सुचवावी काय? येथेच खरा कस लागतो. रहस्यकथेचे शास्त्र थोडक्यात असे की, धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे मांडावेत आणि तरी त्याला चकवावे. हा खेळ विवेकाचा आहे. कोणाच्या तोंडाकडे, जातीकडे, फाटक्या कपड्यांकडे न पाहता पुराव्याकडे पाहा, असे उत्तम रहस्यकथा शिकविते. नोकराकडे बोट दाखविणारा मालकच खुनी निघतो, तेव्हा वाचकाला जी गुदगुली होते ती निव्वळ करमणुकीची नसते.

परंतु दुय्यम प्रतीच्या कादंबरीत विवेकाचा धागा मध्येच तुटतो आणि त्याच्या जागी थप्पड येते. इन्स्पेक्टर ‘पोलिसी खाक्या’ दाखवितो, संशयित ‘पोपटासारखा’ बोलू लागतो, आणि लेखकाचे चार प्रकरणांचे कष्ट वाचतात. वृत्तपत्रांच्या गुन्हेवृत्तांनी हेच दोन वाक्प्रचार इतके रुळविले आहेत की, त्यांतील मार कोणास दिसेनासा झाला आहे. खरे पाहता, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे 25 वे कलम सांगत होते. 1 जुलै 2024 पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या 23 व्या कलमात हे तत्त्व कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढ्या भागापुरता अपवाद आहे, आणि त्या अपवादाच्या फटीतून काय काय आत येते हे फौजदारी वकिलांना ठाऊक आहे. पण मूळ तत्त्व काय सांगते? आपलेच पोलीस मारून कबुली घेतील, याची धास्ती खुद्द इंग्रज सरकारलाही होती. जी गोष्ट परक्या राज्यकर्त्यास दीडशे वर्षांपूर्वी समजली ती स्वतंत्र भारतातील कादंबरीकारास समजत नाही. तो थप्पड रंगवितो आणि वाचक टाळी देतो.

ही केवळ वाङ्मयीन तक्रार नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यातून उसळलेल्या आंदोलनात धरपकड झाली आणि पकडलेल्यांपैकी कायद्याचा अभ्यास करणारा एक दलित तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. याच शहरात बसणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2025 साली गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे कागद हलला. ज्या वाचकाने आयुष्यभर कादंबरीतील थपडेला दाद दिली आहे, त्याला अशी बातमी वाचून चटकन राग येत नाही. ‘काहीतरी केले असेल, उगाच का पोलीस धरतील?’ हे वाक्य ज्या तोंडातून निघते त्या तोंडाला ते कोठून तरी शिकविले गेलेले असते. त्यात रहस्यकथेचा वाटा किती हे मोजता येणार नाही. परंतु वाटा नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

तेव्हा टेबलापलीकडे बसलेल्या कार्यकर्त्याने पुस्तक देण्यापूर्वी ते या अंगाने वाचलेले असावे. संशय प्रथम कोणावर घेतला जातो? घरगड्यावर, परगावाहून आलेल्या मजुरावर, विशिष्ट आडनावाच्या माणसावर? सत्य तर्काने बाहेर येते की लाथेने? गुन्हेगार सापडल्यानंतर मालमत्ता धन्याच्या तिजोरीत परत जाते आणि पुस्तक मिटते, की ती मालमत्ता तेथे आली कशी, हाही प्रश्न कोणी विचारतो? अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांना या कसोटीवर पुरे गुण मिळणार नाहीत. एकटा वीर सगळ्यांचा न्याय करतो, ही राजपुत्राचीच गोष्ट झाली. तथापि हे वीर पोलीसखात्याच्या पगारावर नव्हते. कायद्याच्या कडेकडेने चालणाऱ्या नायकावर गिरणगावातील वाचकाने जीव लावला, त्याला कारण होते. कायदा त्याच्या बाजूने उभा राहिलेला त्याने पाहिला नव्हता.

अशा वाचकाने ‘असेच दुसरे काय आहे?’ म्हणून विचारले, तर उत्तर मराठीत फार वर्षे तयार आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ त्याच्या हाती द्यावी. 1959 सालची ही कादंबरी, 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दर्जाच्या भयाने तिला ‘थरारक’ म्हणावयास समीक्षक कचरतात, पण ती थरारक आहेच. पाठलाग आहे, लूट आहे, घोड्यावरची झेप आहे, आणि माणसांना गुन्हेगार ठरवून रोज हजेरीला उभे करणारी इंग्रजी राजवट आहे. अर्नाळकर वाचून आलेला वाचक ‘फकिरा’च्या दहाव्या पानावर अडखळत नाही, तो वाऱ्यासारखा पुढे जातो. अण्णा भाऊ स्वतः गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले कम्युनिस्ट शाहीर होते. श्रोता कोणत्या वाक्याला उठून जातो याची जाण त्यांना व्यासपीठावर मिळाली होती.

‘फकिरा’नंतर लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या या लेखकाचे आत्मकथन 1987 साली निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी नव्हे, हे मान्य. पण रहस्यकथेतील पोलीस ठाण्याचीच ही दुसरी बाजू आहे, टेबलाच्या अलीकडून नव्हे तर कोठडीच्या गजाआडून पाहिलेली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच आरोपी ठरविलेल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिगत तीत आहे. तो कायदा 1952 साली रद्द झाला; ठाण्यातील नोंदवहीला ते कळण्यास पुष्कळ अवधी लागला. शंभर रहस्यकथा वाचलेला माणूस ‘उचल्या’ वाचतो तेव्हा त्या शंभर कथांतील ‘सराईत गुन्हेगार’ त्याला प्रथमच माणूस म्हणून भेटतो. तीन पुस्तकांची ही वाट अभ्यासवर्गातल्या तीन व्याख्यानांपेक्षा लांब पोचते.

परदेशी भाषांत हे काम रहस्यकथाकारांनीच केले आहे. अमेरिकेचा डॅशिएल हॅमेट तरुणपणी पिंकर्टन या खाजगी हेर कंपनीत होता. संप मोडण्यासाठी मालक ज्यांना भाड्याने घेत, त्यांत या कंपनीचे नाव कुप्रसिद्ध. त्याच्या 1929 सालच्या ‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीत खाणमालक संप चिरडण्यासाठी गुंड आणतो. संप चिरडला जातो, आणि गुंड परत जाण्याचे नाकारून गावच ताब्यात घेतात. औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या वाचकाला हे कथानक समजावून सांगावे लागत नाही. हाच हॅमेट 1951 साली डाव्या कार्यकर्त्यांच्या जामीन-निधीस देणग्या देणाऱ्यांची नावे सांगण्यास नकार देऊन तुरुंगात गेला. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वालू या मार्क्सवादी जोडीने 1965 ते 1975 या दहा वर्षांत दहा कादंबऱ्यांची माला लिहिली. तीतील पोलीस दमलेले, सर्दी झालेले, वरिष्ठांच्या राजकारणाने गांजलेले आहेत, आणि दर कादंबरीगणिक कल्याणकारी राज्याची एकेक वीट निखळताना दिसते. दहाव्या कादंबरीचा अगदी शेवटचा शब्द ‘मार्क्स’ हा आहे. तो कोणत्या प्रसंगी आला हे येथे सांगणे म्हणजे पुढच्या वाचकाचा घास काढून घेणे होईल.

याच जागी कार्यकर्त्याच्या एका खोडीचा उल्लेख करणे भाग आहे. त्याला सारांश सांगण्याची सवय असते. ठराव, अहवाल, परिपत्रके यांच्या सहवासाने ती जडते. रहस्यकथा सुचविताना सारांश सांगितला की पुस्तक मेले. नायकाचा व्यवसाय, प्रेत कोठे सापडले आणि पहिल्या पन्नास पानांपर्यंतचे एखादे विचित्र दृश्य, एवढ्यावर थांबता आले पाहिजे. लोकांना काही न सांगता उत्सुक करणे हे चळवळीच्या वक्त्यांना जमत नाही, म्हणून सभा लांबतात.

या शहरात शिफारशीचा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. येथे वाचन दोन लिप्यांत चालते. सिराज औरंगाबादीच्या या गावी मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य 1938 पर्यंत चालविले. उर्दू वाचणाऱ्या घरांतून ज्या काळी अर्नाळकर ठाऊक नव्हते त्या काळी इब्ने सफी ठाऊक होते. 1952 साली अलाहाबादेहून ‘जासूसी दुनिया’ निघू लागली. लेखक लवकरच कराचीस गेला, पण पुस्तके दोन्ही देशांत वाचली जात राहिली. 1980 साली तो वारला. त्याच्या कथा हिंदीत आल्या तेव्हा कर्नल फरीदीचा ‘विनोद’ झाला आणि इम्रानचा ‘राजेश’. साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला. नायकाचे नाव बदलल्याखेरीज पुस्तक पलीकडच्या गल्लीत जाणार नाही, असे प्रकाशकास वाटले. आजच्या हेरगिरीच्या थरारक कादंबऱ्यांत आणि मालिकांत नायकाचे नाव बदलण्याची गरज कोणास वाटत नाही, कारण दुसऱ्या बाजूचे नाव आता खलनायकासाठीच राखून ठेवलेले असते. एका पाठीमागून एक अशी दहा पुस्तके वाचलेल्या तरुणाला शेजारच्या मोहल्ल्याविषयी काय वाटत असेल, हा प्रश्न या शहरात पुस्तकी राहात नाही.

2021 सालापासून येथील मुस्लिम वस्त्यांत मुलांसाठी मोहल्ला वाचनालये उभी राहिली आहेत, घराघरांतून आणि गल्लीच्या तोंडाशी. समाजवादी ग्रंथालयांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहून स्वस्थ बसू नये. इब्ने सफीच्या हिंदी आवृत्त्या देवनागरीत आहेत. त्या मराठी वाचकास सहज वाचता येतील. फास्टर फेणे त्या वस्तीतील मुलांना आवडणार नाही असे मानण्यास काही कारण नाही. पुस्तकांची ही अदलाबदल सद्भावना-मेळाव्याइतकी छायाचित्रात शोभणार नाही, इतकेच.

नव्या पुस्तकांविषयी थोडे. साठ-सत्तरच्या दशकातील खिशात मावणाऱ्या रहस्यकथांची लाट दूरचित्रवाणीने ओसरविली, हे सर्वश्रुत आहे. मात्र हे वाङ्मय संपले, ही समजूत चुकीची आहे. याच शहरातील साकेत प्रकाशनाने नारायण धारपांच्या भयकथा नव्याने छापल्या आणि 2008 साली दिवंगत झालेल्या या लेखकाला नातवंडांच्या वयाचा वाचक मिळाला. हृषीकेश गुप्ते यांनी भय आणि गूढ यांना आजच्या मराठी कादंबरीत पुन्हा मानाने आणले; त्यांची ‘दंशकाल’ धीराच्या वाचकालाच द्यावी, घाईच्या नव्हे. मेहता पब्लिशिंग हाऊसच्या भाषांतरांनी जॉन ग्रिशॅम आणि रॉबिन कुक मराठीत स्थिर झाले आहेत. ग्रिशॅमच्या 1995 सालच्या ‘द रेनमेकर’ या कादंबरीत विमा कंपनी मरणासन्न मुलाच्या उपचाराचा दावा फेटाळते आणि एक नवखा वकील तिच्याशी झुंजतो. ज्याने आजारी बापाच्या बिलासाठी विमा कार्यालयाच्या खेपा घातल्या आहेत, त्याला यातील खलनायक ओळखण्यास गुप्तहेर लागत नाही. आता तर रहस्यकथा स्टोरीटेलसारख्या ॲपवर कानांनी ऐकल्या जातात. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून बसलेला कामगार कदाचित झोपलेला नसेल. त्याला विचारले पाहिजे.

भाषांतरांबाबत एक सावधगिरी. शब्दाला शब्द ठेवून घाईने उरकलेली पुस्तके बाजारात थोडी नाहीत, आणि नवख्या वाचकाला दोष भाषांतराचा आहे हे कळत नाही. आपलीच बुद्धी तोकडी पडली असे त्याला वाटते. अशी पुस्तके कितीही गाजलेल्या लेखकाची असली तरी देऊ नयेत. पहिली वीस पाने मोठ्याने वाचून पाहिली की ती ओळखू येतात.

कामाची सुरुवात सोपी आहे. देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही दोरीने बांधून ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत पुस्तकाचे नाव लिहावे आणि फक्त एक वाक्य लिहावे. खुन्याचे नाव लिहिणाऱ्यास दंड. शेजारी एक रकाना असावा : ‘निम्मे पुस्तक होईपर्यंत तुमचा संशय कोणावर होता, आणि का?’ हा रकाना लोक हौसेने भरतील, कारण आपण कसे फसलो हे सांगण्यात रहस्यकथेच्या वाचकास अपमान वाटत नाही. तीन महिन्यांनी ती वही घेऊन कार्यकर्त्यांनी आणि वाचकांनी एकत्र बसावे आणि तो रकाना वरून खाली मोठ्याने वाचावा. किती ठिकाणी ‘नोकर’ लिहिले आहे, किती ठिकाणी ‘तो बाहेरगावचा’, किती ठिकाणी नुसते एक आडनाव. त्या बैठकीस अध्यक्ष, प्रास्ताविक आणि आभार नसले तरी चालतील. चहा असावा, आणि खिडकीशी ‘फकिरा’च्या पाच-सहा प्रती.